दुतोंडी वायर

दुकानात जनरेटर घेऊन येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की मशीन खरंच बिघडलंय की नाही ते मला कळायचं. खरोखर बिघडलं असेल तर माणूस गुमान असायचा, दवाखान्यात आल्यासारखा बाकावर टेकायचा. ज्याच्या मशीनला काहीच झालेलं नसायचं तो मात्र तणतणत यायचा. कंपनीच्या नावानं, माझ्या नावानं, ज्या मेहुण्यानं हे मशीन घ्यायला लावलं त्याच्या नावानं बोटं मोडायचा. मी त्याला बोलू द्यायचो. मग खाली वाकून पेट्रोलचा कॉक उघडायचो आणि दोरी ओढायचो. मशीन धडधडायला लागलं की त्याचा आवाज बंद व्हायचा. "प्लगात कार्बन साठला होता, काढला," असं मी मोठ्यानं सांगायचो, कारण शेजारी चार माणसं उभी असायची आणि गिऱ्हाईकाची लाज राखणं हाही आमच्या धंद्याचाच भाग आहे.

सोनपेठला आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान सव्वीस वर्षांपासून आहे. अजूनही उघडतो, पण आता तिथे जनरेटर कमी आणि पंखे-मिक्सरच जास्त येतात. घरोघरी इन्व्हर्टर आले, पत्र्यांवर सोलर आले. लोक हळहळतात, म्हणतात मिस्त्री, तुमचा धंदा बसला. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला मी हा लेख लिहायला घेतलाय. माझं नाव माधव. आडनाव बाजारात निम्म्या लोकांना माहीत नाही. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'माधवराव मिस्त्री' असंच लिहून येतं.

ज्यांच्या घरी हे यंत्र कधी आलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरगुती जनरेटर म्हणजे दोघांनी उचलावं एवढं लोखंडी धूड. अर्ध्यात मोटारसायकलसारखं इंजिन, अर्ध्यात वीज तयार करणारी तांब्याची गुंडाळी. त्यावर चार दिवे, दोन पंखे, टीव्ही आणि एखादी लहान मोटर सुखानं चालते. लोकांना वाटतं पिठाची गिरणीपण चालावी. एकानं ते करून पाहिलं आणि मशीन पोत्यात घालून माझ्याकडे आणलं. आतली गुंडाळी करपलेल्या भाकरीसारखी झाली होती.

नियम मोजकेच आहेत, आणि मी ते प्रत्येकाला सांगायचो. मशीन घराच्या बाहेर ठेवायचं, अंगणात, भिंतीपासून चार हात लांब. ओसरीत नाही, न्हाणीत नाही, जिन्याखाली नाही. धुराचं तोंड दाराखिडकीकडे करायचं नाही. चालू असताना किंवा तापलेलं असताना पेट्रोल ओतायचं नाही. आधी थंड होऊ द्यायचं, तोवर अंधारात बसलं तरी कोणी मरत नाही. ओल्या जागी ठेवायचं नाही, ओल्या हातानं पिन लावायची नाही. लोक मान डोलवायचे. कीर्तनातही लोक अशीच मान डोलवतात आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतात.

गंगाखेडला एका गुरुजींच्या घरची हकिगत मी या नियमांना जोडून कायम सांगायचो. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ बारा दिवसांचं. वाऱ्यावादळात लाईट गेलेली, सकाळपर्यंत आली नव्हती. 'मशीन घरघर करायलंय' म्हणून मला बोलावणं आलं. मी दहाच्या सुमाराला पोचलो तर गुरुजींच्या बाई उंबऱ्यात मीठ-मिरच्या घेऊन उभ्या. घरात सगळ्यांचं डोकं ठणकत होतं, पोरगी दोनदा ओकली होती. बाईंनी दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या आणि मला म्हणाल्या, "बघा मिस्त्री, जराबी ठसका न्हाई. किती जबर दृष्ट असंल ही."

ठसका नव्हता हे खरं, पण दारातून आत पाऊल टाकलं तसं माझंही डोकं जड झालं. मशीन कुठंय म्हणून विचारलं. चोरीच्या भीतीनं ते स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधल्या बोळात ठेवलं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. तो साठत जातो, माणसाचं आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. मी आधी मशीन बंद केलं, मग दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि बाळंतिणीची खाट बाळासकट लिंबाखाली आणायला लावली. बाई माझ्यावर भयंकर चिडल्या. डॉक्टर येऊन गेले, संध्याकाळपर्यंत सगळ्यांची डोकी उतरली. दृष्ट निघाली म्हणूनच बरं वाटलं असं बाईंचं आजही मत आहे. मी वाद घातला नाही. पुढच्या वेळी दृष्ट काढायच्या आधी मशीन अंगणात काढा, एवढं मात्र सांगून आलो.

ही हकिगत सांगताना माझी छाती फुगायची, आणि फुगावी असंच ते होतं. पण त्याच वर्षांत त्याच हातांनी मी आणखी एक काम करत होतो, ते मात्र कोणाला सांगत नव्हतो.

जनरेटरला समोर दोन सॉकेट असतात. दिवा किंवा पंखा थेट त्यात लावायचा, नाहीतर एक लांब एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा. पण लोकांना घरातले भिंतीवरचे सगळे दिवे एका झटक्यात लागलेले हवे असतात. त्यासाठी खरी सोय म्हणजे चेंजओव्हर. मीटरजवळ एक हँडल बसवायचं. वर केलं की खांबावरची लाईट, खाली केलं की मशीनची, दोन्ही एकदम कधीच नाही. त्याला खर्च येतो, भिंत फोडावी लागते. म्हणून लोकांनी एक जुगाड काढला होता, आणि आमच्या भागात तो माझ्या हातून पसरला. एक वायर घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवायच्या. एक पिन मशीनमध्ये, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. वीज उलट्या वाटेनं घरात शिरते आणि सगळं घर उजळतं. आम्ही तिला दुतोंडी वायर म्हणायचो.

यात दोन धोके आहेत. एक म्हणजे वायरीचं एक टोक लावलेलं असताना दुसरं मोकळं टोक हातात असलं, तर त्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते. दुसरा धोका मोठा. घराचा मेन स्विच पाडला नाही, तर हीच वीज घरातून मीटरकडे, मीटरवरून खांबाकडे आणि खांबावरून तारेत जाते. बंद म्हणून समजलेल्या तारेत. हे मला ठाऊक होतं. म्हणून वायर देताना मी प्रत्येकाला बजावायचो, आधी मेन पाडा, मग वायर लावा. एवढं सांगितलं की माझं कर्तव्य झालं असं मी स्वतःला पटवून दिलं होतं.

उस्मानभाईला ते पटलेलं नव्हतं. उस्मानभाई आमच्या भागाचा लाईनमन, माझ्याच वयाचा. खांबावर असा चढायचा की बघणाऱ्याला वाटावं जिना आहे. दुपारी फेरी संपली की तो माझ्या दुकानाच्या बाकावर चहाला यायचा. मी दुतोंडी वायर करत बसलेलो दिसलो की त्याचा चहा गोड लागायचा नाही. "मिस्त्री, हे काम चांगलं न्हाई," म्हणायचा, "वर आमी असतो." मी त्याला म्हणायचो, अरे मी सगळ्यांना सांगतो मेन पाडायला. तो कप ठेवून निघून जायचा.

एकदा तो असाच बसलेला असताना वीरभद्रआप्पा आले. आप्पा मोठे शेतकरी, लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं अगदी मोजकं. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि खोटं बोलत नाहीत, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. त्यांना वायर हवी होती. मी ती दिली आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "आप्पा, आधी मेन पाडायचा बरं का."

आप्पांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाकावरच्या उस्मानकडे पाहिलं. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "पाडतो की." वायर धोतराच्या ओच्यात गुंडाळून ते गेले. ते मध्ये जरासे थांबले होते, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, ऐन वैशाखात, दुपारचं मोठं वादळ झालं. पत्रे उडाले, बाभळी मोडल्या, गंगेकडच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या शिवारात तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होतो तेवढ्यात एक जण मोटारसायकलवरून ओरडत गेला की उस्मानभाई खांबावरून पडला. कुठल्या खांबावरून ते विचारलं. तो म्हणाला, आप्पांच्या आखाड्याकडच्या.

आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं घर. झाडू हातात तसाच राहिला. आप्पांनी घेतलेली वायर गावातल्या घरासाठी आहे असं मी धरून चाललो होतो, तिथे मीटर आहे, मेन आहे. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की ती आखाड्यावर असेल तर?

उस्मान वाचला. खाली नांगरलेलं काळं रान होतं, आदल्या दिवशीच्या पावसानं लोण्यासारखं झालेलं, म्हणून वाचला. डाव्या पायाचं हाड मोडलं, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. त्याला परभणीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे मी त्याला पाहायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या बायकोनं सांगितलं, रात्रंदिवस एकच घोकतोय. त्या शिवारात शेजारीशेजारी दोन डीप्या आहेत. डीपी म्हणजे ज्यातून खाली गावाला लाईट येते तो डबा. त्यातल्या बरोबर डीपीचे फ्यूज काढून मगच तो चढला होता. पण तार जिवंत निघाली. म्हणजे फ्यूज दुसऱ्याच डीपीचे काढले असणार, आपल्याच हातून चूक झाली. ऑफिसातही सगळ्यांचं तेच मत पडलं होतं. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "इतक्या वर्साचा हात चुकला, मिस्त्री. आता मी खांबावर चढायचा न्हाई." साहेबांना सांगून खालचं काम मागून घेणार होता. ज्या माणसानं आयुष्यभर वर जायचं काम केलं तो आता वर बघायलाही तयार नव्हता.

मी घरी न जाता सरळ आप्पांच्या आखाड्यावर गेलो. वाटेत दहा वेळा वाटलं की परत फिरावं. आप्पांनी वायर नेलेली उस्माननं पाहिली होती, पण ती आखाड्यावर असेल हे त्याच्या डोक्यात नव्हतं; आप्पा आणि मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच मिटला असता. ही गोष्ट मनात आली होती, ती लपवून ठेवत नाही.

आखाड्यावर आप्पा बाजेवर बसले होते. कपाळ कोरं. विभूती नसलेलं त्यांचं कपाळ मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांची सून दारात उभी होती, रडून डोळे लाल झालेले. ती म्हणाली, "दोन दिस झाले मिस्त्री, मामांनी पान्याचा घोट घेतला न्हाई. पूजाच करायले न्हाईत."

ओसरीतल्या सॉकेटमध्ये माझी वायर अजून तशीच होती. मी मेन कुठे आहे म्हणून भिंतीवर नजर फिरवली. मेन नव्हता. मीटरही नव्हतं. छपराच्या वाशावरून दोन वायरी बाहेर गेल्या होत्या, बाभळीच्या आडून खांबाकडे, आणि त्यांची वरची टोकं आता, अपघातानंतर, तारेवरून ओढून काढलेली लोंबत होती. आकडा टाकलेला होता. तारेवर आकडा अडकवून वीज घेणं आमच्याकडे नवीन नाही, पण आप्पांच्या आखाड्यावर तो असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

"मीटरचा अर्ज दिल्याला हाय," आप्पा म्हणाले, "येईस्तोवर दोन म्हैन्यासाठी म्हनून टाकला. त्या दिवशी तू मेन पाडा म्हनलास. आकड्याला मेन कुठनं आणू, मिस्त्री? आन् समोर उस्मान बसलेला. त्याच्यापुढं आकडा हाय म्हनून कसं सांगू? पाडतो म्हनलो."

वादळानंतर सकाळी जनावरांना पाणी नव्हतं. हौद भरायला सुनेनं मशीन चालू करून वायर लावली, मोटर सुरू केली. तिचा काही दोष नव्हता, तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मशीनची वीज मोटरीत गेली, तशी आकड्यावरून तारेतही गेली. तुटलेल्या तारेचा तेवढाच तुकडा, त्यावर दुसरं एकही घर नाही, त्यामुळे मशीननं तो भार सहज उचलला. तीन खांबांपलीकडे उस्मान तार जोडायला हात लावत होता.

मी आप्पांना म्हटलं, पूजा करून घ्या, चार घास खा, मग बघू. त्यांनी उजवा तळहात माझ्यासमोर धरला. "या हातावर लिंग घ्यायला जीव धजत न्हाई," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मला परभनीला घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. दवाखान्यात उस्मानच्या खाटेजवळ उभं राहून आप्पांनी सगळं सांगितलं, आकड्यापासून 'पाडतो की'पर्यंत. त्यांचं झाल्यावर मी माझं सांगितलं. वायर मी केली, तू नको म्हणत असताना केली, आणि अशा कितीतरी केल्या. मला वाटत होतं की तो शिव्या देईल, द्याव्यात असंच वाटत होतं.

उस्माननं आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि विचारलं, "म्हंजी फ्यूज मी बरोबर काढले व्हते?"

"बरोबर काढले होतेस," मी म्हटलं.

त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्याची बायको घाबरली, तिला वाटलं पाय दुखतोय. मला मात्र कळलं. त्याला पाय मोडल्याचं दुःख नव्हतं. हात चुकल्याचं होतं, आणि हात चुकला नव्हता. थोड्या वेळानं चादर बाजूला करून तो आप्पांना म्हणाला, चढायच्या आधी तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या असतात, ते मीही केलं नव्हतं, घाई केली. एवढं बोलून त्यानं आप्पांना बसायला सांगितलं आणि बायकोला त्यांच्यासाठी दूध आणायला पाठवलं. आप्पा उठले, नळावर हातपाय धुतले, खिडकीजवळ भिंतीकडे तोंड करून पूजा केली आणि मगच ते दूध प्यायले. त्याच दिवशी ते ऑफिसात गेले, लेखी दिलं, दंड भरला. उस्मानच्या नावावरचा डाग पुसला गेला.

राहिलो मी. माझ्याशी तो त्या दिवशी निघताना बोलला. "तुला माफी एका अटीवर," म्हणाला. "जेवढ्या वायरी इकल्यास तेवढ्या माघारी आण. एकबी राहिली न्हाई पायजे."

किती विकल्या ते मला आठवत नव्हतं, लिहून कुठे ठेवलेलं नव्हतं. आठवल्या माझ्या बायकोला, कुसुमला. कोणाच्या घरी साखरपुडा होता म्हणून घाईत नेली, कोणाला लाल पिना नको होत्या, असं एकेक करून तिनं सोळा घरं काढून दिली. मी गावोगाव हिंडलो. प्रत्येक घरी वायर मागायची, बदल्यात चेंजओव्हर फुकट बसवून द्यायचा. जिथे भिंतीवर काही बसवण्यासारखं नव्हतं तिथे चांगल्या जाड वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड करून दिला, म्हणजे मशीनची वीज भिंतीत जाणारच नाही. लोकांना वाटलं मिस्त्रीचं डोकं फिरलं. दोन घरी वायर उंदरांनी खाल्लेली निघाली, बरंच झालं. एका घरी तिच्यावर लुगडी वाळत होती आणि बाई ती द्यायला अजिबात तयार नव्हती, शेवटी तिला तेवढीच नायलॉनची दोरी आणून द्यावी लागली.

एक कापड दुकानदार मात्र अडून बसला. आमी मेन पाडतोच की, आमाला कामून सांगायलाव, असं म्हणाला. तोवर उस्मान कुबडी घेऊन चालायला लागला होता. तो माझ्यासोबत रिक्षात बसून आला. दुकानाच्या पायरीवर टेकला आणि त्यानं उजवा हात गादीवर ठेवला. करंगळी आणि शेजारचं बोट आखडून आत वळलेली होती. दुकानदारानं त्या हाताकडे बघितलं, आत गेला आणि वायर आणून दिली. वर आम्हाला चहा पाजला.

सोळाही आणून मी उस्मानसमोर कापल्या. हात झटकून मोकळा झालो तर कुसुम आतून आणखी एक घेऊन आली. "ही राहिली की," म्हणाली. ती आमच्या घरची होती. सगळ्यात पहिली दुतोंडी वायर मी माझ्याच घरासाठी केली होती, देव्हाऱ्यामागच्या सॉकेटला ती लागायची, आणि मला तिची आठवणसुद्धा नव्हती. उस्मान इतका हसला की त्याची कुबडी पडली. ती सतरावी त्यानं स्वतःच्या हातानं कापली.

पुढे सात-आठ महिन्यांनी तो परत कामावर गेला. पहिल्या दिवशी खांबाखाली उभं राहून त्यानं मला फोन केला. म्हणाला, "मिस्त्री, चढू का?" मी म्हटलं, साखळी टाकलीस का? टाकली, म्हणाला. मग चढ, मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यानं ती सवयच लावून घेतली. आठवड्यातून चार-पाच वेळा फोन यायचा, चढू का. मी सोनपेठच्या दुकानात, तो कुठल्या तरी शिवारात. तिथली तार बंद आहे की चालू हे मला काय कळणार? त्यालाही ते माहीत होतं. तरी तो विचारायचा आणि मी साखळीचं विचारून 'चढ' म्हणायचो. कधीकधी गिऱ्हाईकाचं काम अर्धवट सोडून फोन घ्यायचो. जेवताना आला तर कुसुम म्हणायची, "घ्या, माझ्या सवतीचा फोन आला." मला त्या फोनाचा कधी कंटाळा आला नाही. फोन ठेवल्यावर मात्र पुढची दहा-पंधरा मिनिटं माझं कामात लक्ष नसायचं. 'चढू का' म्हणून फोन यायचा, 'उतरलो' म्हणून कधी यायचा नाही. तो सुखरूप आहे हे मला पुढचा फोन आला की कळायचं.

दर दसऱ्याला मी दुकानातल्या हत्यारांची पूजा करतो. पक्कड, पाने, जुनं मल्टिमीटर मांडतो, आणि त्यांच्याच शेजारी कापलेल्या वायरींमधून ठेवलेली एक पिन. आप्पा दरवर्षी आपट्याची पानं द्यायला येतात, त्या पिनेकडे बघतात आणि मला म्हणतात, हळद हिलाबी लाव. मी लावतो. आखाड्यावर त्यांच्याकडे आता मीटर आहे, मेन आहे, आणि सून येईल त्या प्रत्येकाला मशीन अंगणात कुठे ठेवायचं ते माझ्याहून चांगलं समजावून सांगते.

गेल्या महिन्यात उस्मान निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी काम काही विशेष नव्हतं, बाजारातल्याच एका खांबावरचं, दुपारचं. फोन आला, चढू का. मी म्हटलं, साखळी? टाकली, म्हणाला. चढ, म्हटलं. मग मी एका पंख्याचं बेअरिंग काढायला बसलो, पण नेहमीप्रमाणे हात चालेना. घड्याळाकडे बघत राहिलो.

वीस मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. असं यापूर्वी एकदाही झालं नव्हतं. फोन कानाला लावला तर पलीकडे बाजाराचा कलकलाट होता आणि त्यात त्याचा आवाज.

"उतरलो, मिस्त्री," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ये मग. चहा टाकायला सांगतो."